पाठीमागचे दोन फुगे

गाडीच्या सीटमध्ये हवेची सोय करून घ्यायची म्हणजे नेमकं काय करून घ्यायचं, हे ठरवण्यातच माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. दुकानदार तीन वेगळ्या वस्तू एका दमात दाखवतो: ट्रकमध्ये असते तशी हवेच्या स्प्रिंगवरची अख्खी सीट, सीटवर टाकायची हवेच्या कप्प्यांची गादी, आणि पाठीच्या भागात फोमच्या मागे बसवायचे रबरी फुगे. तिन्हींत हवा आहे, पण कामं वेगळी. पहिली धक्का खाते, दुसरी बसल्या जागेचा दाब पसरवते, तिसरी कमरेला टेकू देते. आपल्याला यातलं काय हवंय हे मला सांगता येत नव्हतं, आणि दुकानदाराला ते विचारायची गरज वाटत नव्हती. त्याला विकायचं होतं.

माझं काम टॉवेल-चादरींच्या ऑर्डरी घेण्याचं. डिकीत नमुन्यांचे गठ्ठे आणि आठवड्यातले बहुतेक दिवस रस्त्यावर. कधी पंढरपूर-सांगोला, कधी तुळजापूरवरून लातूर, कधी विजापूर, कधी उमरगा. मोहोळ मागे पडेपर्यंत ठीक असायचं. मग कमरेत उजव्या अंगाला आवळल्यासारखं व्हायला लागायचं, आणि पंढरपुरात उतरल्यावर दाराला धरून थोडं उभं राहिल्याशिवाय चालता यायचं नाही. एक जुने व्यापारी दुकानातूनच ओरडायचे, "वय झालं की हो मालक!" त्यांचं माझ्याहून जास्त आहे, ते सोडा.

हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून हाडात काही नाही म्हणून सांगितलं आणि फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे पाठवलं. मॅडमनी व्यायाम दिले ते दिलेच, पण त्याआधी खाली पार्किंगमध्ये येऊन मला माझ्याच गाडीत बसायला लावलं. "नेहमी बसता तसं बसा. माझ्यासाठी ताठ बसू नका." मी बसलो. बूड पुढे सरकलेलं, खांदे सीटला टेकलेले, कंबर मागे गोल, आणि कंबर व सीट यांच्यामध्ये त्यांचा पंजा आरपार गेला. त्यांनी मागच्या खिशातलं पाकीट काढून ठेवायला लावलं, सीटची पाठ 100 ते 110 अंशांच्या मधे आणली आणि विचारलं, "टॉवेल आहे का?" सोलापुरात टॉवेलवाल्याला हा प्रश्न! डिकीतला एक काढून दिला. त्याची गुंडाळी करून त्यांनी ती कंबरपट्ट्याच्या किंचित वर ठेवली. म्हणाल्या, "काही दिवस असं चालवा. वर-खाली करून बघा, जाड-बारीक करून बघा. कुठे बरं वाटतं ते पक्कं झालं की मग काय ते विकत घ्या."

हा सल्ला मी कुणालाही देईन. पुढे फुगे बसवताना कारागिराने पहिला प्रश्न विचारला तो "किती उंचीवर?" आणि माझ्याकडे उत्तर तयार होतं, तेही सीटच्या शिवणीपासून वीत आणि चार बोटं असं मोजून ठेवलेलं.

मधल्या काळात मी या विषयावर वाचत होतो. स्वीडनचे अस्थिरोगतज्ज्ञ आल्फ नाकेमसन यांनी 1960-70 च्या दशकांत जिवंत माणसांच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला होता. उभं राहण्यापेक्षा टेकू न घेता बसल्यावर तो जास्त भरला. पुढे 1999 मध्ये जर्मनीत झालेल्या मोजमापात मात्र सैल बसल्यावर दाब उभ्यापेक्षा थोडा कमीच दिसला. तेव्हा बसणं हाच गुन्हा, असं कुणी सांगितलं तर मान डोलवायची गरज नाही. पाठ मागे कललेली असली आणि कमरेला टेकू असला की चकतीवरचा दाब उतरतो, हे नाकेमसन यांच्याच गटाच्या नंतरच्या मोजमापांत आलं होतं. मॅडमनी सीटची पाठ मागे का घेतली ते मला तेव्हा कळलं.

टॉवेलने फरक पडत होता, पण गुंडाळी सरकायची, आणि चालत्या गाडीत ती नीट करायची म्हणजे एक हात स्टिअरिंगवरून काढणं आलं. त्याच सुमारास साडूंच्या ट्रकमध्ये बसायचा योग आला. ते हैदराबाद रस्त्यावर माल नेतात. गाडी नवी, चालकाची सीट हवेची. मार्केट यार्डाजवळ गाडी लावलेली होती. "बसा की वर, काय बघायलाय खालून," म्हणाले.

सीटखाली आडव्या-तिडव्या पट्ट्यांची उघडमीट होणारी चौकट, मधे रबराची हवेची स्प्रिंग आणि बाजूला एक शॉक अब्सॉर्बर. माणूस बसला की वॉल्व्ह त्याच्या वजनाप्रमाणे हवा घेतो-सोडतो आणि सीट ठरलेल्या उंचीवर राखतो. हवा येते ब्रेकच्याच कॉम्प्रेसरकडून. मी लगेच विचारलं, सीटची नळी फुटली तर ब्रेकचं काय? साडू हसले. मधे एक वॉल्व्ह असतो, ब्रेकचा दाब ठरावीक पातळीखाली आला की तो सीटकडची वाट बंद करतो. त्यांनी खटका दाबला, सीट फुस्स करून खाली बसली, परत ओढला, वर आली. यार्डाच्या खडबडीत रस्त्यावरून त्यांनी एक चक्कर मारली. केबिन हलत होती आणि मी जवळपास जागच्या जागी होतो.

हे का होतं, ते समजायला मला थोडं डोकं खाजवावं लागलं. खालून वर येणाऱ्या धक्क्यांना माणसाचा कणा सेकंदाला साधारण 4 ते 6 हेलकावे या टप्प्यात सगळ्यात जास्त साथ देतो. शरीराला बसणाऱ्या कंपनांचं आयएसओ 2631 हे मानक आहे, त्यातही 4 ते 8 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तितक्या वेळा येणाऱ्या, उभ्या धक्क्यांना सर्वाधिक महत्त्व दिलेलं आहे. साधी फोमची सीट साधारण याच टप्प्यात स्वतःही नाचते, म्हणजे धक्का कमी करायचा सोडून वाढवून देते. हवेची सीट मुळातच सेकंदाला एक-दोन वेळा झुलणारी. तिच्या स्वतःच्या झुलण्याच्या दीडपट वेगाने येणारे धक्के ती गाळायला लागते, आणि कण्याला नको असलेला सगळा टप्पा त्या गाळण्यात जातो.

आता आपले रस्ते बघा. सोलापूरच्या भोवतालचा बराच रस्ता काळ्या रानातून जातो. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि वरच्या डांबराला लाटा पडतात. खड्डा दिसतो, लाट दिसत नाही. ताशी 60 किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण 17 मीटर. चार मीटरवर एक लाट असेल तर सेकंदाला चार धक्के, नेमके कण्याच्या टप्प्यातले. वेग 40 वर आणला तर तेच धक्के सेकंदाला तीनच्याही खाली येतात. हे गणित साडूंना मांडून दाखवलं तर म्हणाले, "त्या पट्ट्यात मी हळूच काढतो की. गाडी खुळखुळती." गणिताआधीच त्यांच्या पाठीला कळलेलं होतं.

युरोपात कामगाराच्या अंगावर येणाऱ्या कंपनांवर 2002 च्या निर्देशाने मर्यादा घातलेली आहे: आठ तासांच्या कामाला 0.5 मीटर प्रति सेकंद वर्ग (हे कंपनांच्या जोराचं माप) या पातळीला मालकाने उपाय सुरू करायचे आणि 1.15 च्या पुढे जाऊच द्यायचं नाही. आपल्याकडे 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. सोलापूरच्या उन्हाळ्यात त्याची किंमत कुणाला सांगायला नको. पण साडूंना विचाराल तर ते एसीच्या आधी सीटचं नाव घेतात.

ती सीट मला मनापासून हवी होती. पण छोट्या गाडीत सीट आणि पत्र्याच्या मधे वीतभरही जागा नसते. ती चौकट घातली तर डोकं छताला लागेल. शिवाय गाडीत कॉम्प्रेसर नाही, आणि सीटबेल्टचं बकल ज्या सीटच्या सांगाड्याला बांधलेलं असतं तो सांगाडाच बदलायचा म्हणजे अपघातात काय होईल ते देवालाच माहीत. असं काम करून देतो म्हणणारे भेटले. मी परत त्यांच्या दुकानात गेलो नाही.

मग कप्प्यांची गादी घेतली. ही मूळची व्हीलचेअरवाल्यांची वस्तू, दिवसभर एका जागी बसून कातडीला जखमा होऊ नयेत म्हणून केलेली. रबराचे छोटे छोटे कप्पे आतून एकमेकांना जोडलेले, म्हणून हाडाखालची हवा शेजारच्या कप्प्यात सरकते आणि दाब वाटला जातो. भरायची रीत अशी: आधी जरा जास्त भरायची, तिच्यावर बसायचं, खालून हात घालून बसायच्या हाडाचा अंदाज घ्यायचा, आणि हाड व तळ यांच्यात बोटभर अंतर उरेपर्यंत हवा सोडत जायची. त्याहून कमी केली तर हाड तळाला टेकतं. जास्त ठेवली तर गादी टणक होऊन माणूस तिच्या टोकांवर बसतो आणि दाब उलट वाढतो.

सोबतचा हातपंप छोटासा. पंक्चरच्या दुकानात टायर दाखवायला थांबलो होतो, तिथल्या पोराने गादी बघून नोझल पुढे केलं. "दहाच टाकतो काका." मी गादी मागे ओढली. हिशेब सोपा आहे. बसलेल्या माणसाचा 60 किलो भार 1200 चौरस सेंटिमीटरवर पसरला तर एका चौरस सेंटिमीटरवर 50 ग्रॅम येतात, म्हणजे पाऊण पीएसआयसुद्धा नाही (टायरची हवा मोजतात तेच हे माप). टायरच्या गेजचा काटा एवढ्या दाबाला शून्यावरून हलतही नाही. दहा पीएसआयला ती गादी फुटली असती, न फुटती तर तिच्यावर बसणं आणि पाट्यावर बसणं सारखंच झालं असतं.

गादीने बुडाला आराम मिळाला, यात शंका नाही. पण मी तिच्यावर रोज चालवत नाही. एक तर माणूस वर उचलला जातो, आरसे परत लावावे लागतात, पाय आणि पेडल यांचं नातं बदलतं. दुसरं म्हणजे वळणावर अंग किंचित तरंगतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, मऊ जाड गादीवर अपघाताच्या झटक्याला माणूस पट्ट्याखालून पुढे घसरायची भीती असते. कमरेचा पट्टा ओटीपोटावर नाही तर खुब्याच्या हाडांवर बसायला हवा. म्हणून ती गादी आता घरी संगणकासमोरच्या खुर्चीवर असते.

उरले पाठीचे फुगे. किटमध्ये दोन फुगे, एक खालचा एक वरचा, मनगटाएवढा 12 व्होल्टचा पंप, वॉल्व्हची डबी, नळ्या आणि बटणांचा पट्टा. हातपंपाच्या फुग्यांचंही किट मिळतं, ते स्वस्त आणि बिघडायला त्यात काही नाही. ज्याला वायरिंगला हात लावू द्यायचा नसेल त्याने तेच घ्यावं. मला चालता चालता अंगठ्याने कमी-जास्त करायचं होतं. किट आणि मजुरी मिळून खर्च एका बऱ्या टायरच्या आसपास गेला.

काम केलं अशोक चौकाच्या बाजूच्या एका सीटवाल्या अण्णांनी. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, फोनवर कन्नड. त्यांनी आधी सीटच्या बाहेरच्या कडेला एअरबॅगचा टॅग आहे का बघितलं. माझी गाडी जुनी, सीटमध्ये एअरबॅग नाही. असती तर अण्णांनी हातच लावला नसता, आणि मीही लावू दिला नसता, कारण ती बाहेर येताना सीटची शिवण ठरलेल्या जागीच उसवावी लागते. तरी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून थोडा वेळ थांबायचं, हे मी आधीच सांगून ठेवलं होतं. बकलच्या वायरी सीटखालून जातात.

चार बोल्ट काढून सीट बाहेर आली. कव्हर फोममधल्या तारेला लोखंडी रिंगांनी आवळलेलं असतं, त्या रिंगा अण्णांनी एकेक कापल्या आणि कव्हर खालून वर गुंडाळत नेलं. फोमच्या मागे तारांची जाळी. फुगे या जाळीच्या आणि फोमच्या मधे बसतात, पण थेट जाळीवर नाही. थेट ठेवले तर हवा भरल्यावर फुगा जाळीतून मागे पोट काढतो, पुढे काहीच येत नाही, आणि तार घासून रबर जातं. अण्णांनी मधे जाड नमद्याचा तुकडा आणि त्यावर लवचीक प्लास्टिकची पाटी टाकली. मग मला गुडघ्यावर उभ्या केलेल्या त्या उघड्या सीटला पाठ लावून बसवलं. "मालक, खरं सांगा. इथं का इथं?"

"अजून बोटभर वर."

"टॉवेल कुठं ठेवत होता तिथंच का?"

"तिथंच."

खडूची खूण केली, फुगे पट्ट्यांनी बांधले. नळी सीटच्या रुळाच्या कडेने नेताना अण्णांनी सीट पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे सरकवून बघितली, कारण नळी कुठे मोडली किंवा रुळात सापडली तर पंप फुकट घुरघुरत राहणार. करंट चावी फिरवल्यावरच येणाऱ्या लाइनवरून घेतला, मधे वेगळा फ्यूज. पंप नुसता पत्र्याला बांधला असता तर आवाज केबिनभर घुमला असता, म्हणून तो फोममध्ये गुंडाळून बांधला. शेवटी साबणाच्या पाण्याचा ब्रश प्रत्येक सांध्यावरून फिरला. एका टी-जॉइंटवर बारीक फेस आला, तो काढून नळीचं टोक सरळ कापून परत बसवला. कव्हर चढवण्याआधीच हे बघायचं असतं. नंतर म्हटलं तर सगळ्या रिंगा पुन्हा.

पहिल्यांदा चालवायला लागलो तेव्हा वाटलं होतं तसं काहीच नाट्य झालं नाही. मी फुगे पूर्ण रिकामे करून बसतो, बूड मागे नेऊन भिडवतो, मग खालचा फुगा पाठीला नुसता लागेपर्यंत भरतो आणि त्यातून थोडी सोडतो. वरच्यात त्याच्या निम्मी. "हवा जाणवते" इतकी भरली की ती जास्तच झालेली असते, हे मॅडमनीही सांगितलं होतं. माझ्या ओळखीतल्या ज्यांनी किट बसवून नंतर शिव्या घातल्या, त्यांच्या सीटवर मी बसून बघितलंय. फुगा टम्म भरलेला, पाठीला गुद्दा मारल्यासारखा. पैसे दिलेत तर हवा पुरेपूर हवी, असा हिशेब असतो.

खरा फायदा भरण्यात नाही तर बदलण्यात आहे. मोहोळपर्यंत खालचा जरा जास्त, पुढे तो कमी करून वरचा वाढवायचा, परत उलट. एकाच आकारात पाठ तासन्तास धरली की कुठलाही आकार दुखतो. तरीही रस्त्यातल्या लाटा या फुग्यांनी गेल्या नाहीत आणि जाणारही नाहीत. धक्का टायर, सस्पेन्शन आणि वेग यांच्याकडेच राहतो. मध्येच उतरून चार पावलं चालणं मी बंद केलेलं नाही, आणि मॅडमचे व्यायामही चालू आहेत. माझं दुखणं कमी झालं त्यात फुग्यांचा वाटा किती, पाकिटाचा किती आणि व्यायामाचा किती, हे वेगळं काढायचा मार्ग नाही. अण्णा सगळं श्रेय फुग्यांना देतात.

उन्हाळ्यात एक नवीन गोष्ट शिकायला मिळाली. एप्रिल-मेमध्ये इथे पारा 42-43 ला जातो आणि उन्हात लावलेल्या बंद गाडीत आत 60 सहज होतात. सकाळी 25 अंशांना भरलेली बंद हवा 60 अंशांना गेली तर तिचा एकूण दाब जेमतेम बारा टक्के वाढतो. हे ऐकायला किरकोळ वाटतं. पण एकूण दाबात बाहेरच्या वातावरणाचे जवळपास 14 पीएसआय धरलेले असतात, आणि त्याचे बारा टक्के म्हणजे दीड पीएसआयच्या वर. फुग्यात मुळात असतो अर्धा. फुगा थोडा ताणतो म्हणून सगळा दाब वाढत नाही, तरी दुपारी व्यापाऱ्याकडून परत येऊन बसलं की पाठीला वेगळीच सीट लागते, आणि रोज असं ताणलं जाणारं रबर लवकर म्हातारं होणार. म्हणून गाडी उन्हात लावताना चावी बंद करण्याआधी दोन्ही फुगे रिकामे करतो. थंडीत याच्या उलट, डिसेंबरच्या पहाटे निघालं की रात्रीची हवा ढिली वाटते. घाट चढताना मात्र उन्हाळ्यासारखंच. इथून महाबळेश्वरला गेलं की आपण साधारण 900 मीटर वर जातो, बाहेरचा दाब सव्वा ते दीड पीएसआयच्या दरम्यान उतरतो, आणि सीटला कुणी हात न लावता फुगा टणक होतो.

बायकोने आपल्या बाजूच्या सीटलाही फुगे मागितले. अण्णांनी सीटखाली वाकून बघितलं आणि नाही म्हणाले. त्या बाजूच्या बैठकीत माणूस बसलाय की नाही हे ओळखणारा सेन्सर आहे, पट्टा लावला नाही की टूंटूं करणारा. मी म्हटलं, अहो फुगे पाठीत आहेत, बैठकीत कुठे? ते म्हणाले, वायरिंग एकाच वाटेने जातं आणि ती वाट त्यांना उघडायची नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा म्हणाले. विचारलं. तिथेही नाहीच म्हणाले. तेव्हा तिच्यासाठी हातपंपाचं, पट्ट्याने बाहेरून बांधायचं साधं किट आणलंय, आणि त्यात हवा किती असावी यावर आमचं अजून एकमत नाही.